‘ऐकत नाहीत’ म्हणण्याआधी

‘साहेब, दादा चार दिसांपासून येड्यावानी करायलेत,’ असं सांगत दोघा भावांनी वडिलांना रात्री अकराच्या सुमारास आमच्याकडे आणलं. वय साठीच्या आसपास, अंगात सदरा उलटा. नाव विचारलं, ते बरोबर सांगितलं. वार कोणता विचारलं, तर ‘बाजार’ म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही हात समोर ताठ धरून तळवे उभे करायला सांगितले, तर पाखरानं पंख झटकावेत तसे पंजे पुन्हा पुन्हा खाली पडत होते. मधूनच खांद्याला, मांडीला हिसका बसे. भावांच्या सांगण्यावरून कळलं, की आधी गावातला देवऋषी झाला, मग ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दोन सलाईन झाल्या, आणि तरीही बरळणं थांबेना म्हणून कुणीतरी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या दिल्यावर ते जास्तच बिघडले.

रक्त तपासलं. क्रिएटिनिन १४, युरिया अडीचशेच्या वर. मधुमेह जुना, गोळ्या मधेच सोडून दिलेल्या. किडन्या केव्हाच थकल्या होत्या, आणि त्याची पहिली खबर घरच्यांना लागली ती लघवीतून नाही, डोक्यातून. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

धाराशिव जिल्ह्यात सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. किडनी म्हटलं की माणसं कंबर दाबून दाखवतात. पायावरची सूज, चेहऱ्यावरची सूज, फेसाळ लघवी इथपर्यंत आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. पण किडनीचा आजार मेंदूत शिरतो, तिथली रसायनं बदलतो, आणि माणसाचा स्वभाव, झोप, स्मरण, शहाणपण यांना हात घालतो, हे रुग्णाला माहीत नसतं, घरच्यांना माहीत नसतं, आणि आम्हा डॉक्टरांनाही ते पुस्तकात वाचलेलं असूनसुद्धा समोर आल्यावर ओळखता येतंच असं नाही.

मेंदू आणि किडनी हे तसे एकाच घरातले दोन खर्चिक भाऊ. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू हृदयातून निघालेल्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा घेतो. मुठीएवढ्या दोन किडन्या मिळून पाचवा हिस्सा घेतात. दोघांच्याही बारीक रक्तवाहिन्यांत रक्त जोरानं आणि सतत वाहतं. त्यामुळे वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह ज्या रीतीनं किडनीच्या चाळण्या बिघडवतात, त्याच रीतीनं मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्याही बिघडवतात. किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये अनेकदा लहान लहान, कधी जाणवलेही नसतील असे झटके येऊन गेल्याच्या खुणा दिसतात. हा भाग वाहिन्यांचा. त्याखेरीज रसायनांचा वेगळा खेळ आहे, आणि मला आज त्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

रक्तात घाण साठते आणि ती डोक्यात जाते, असं आपण सोपं करून सांगतो. मीही सांगतो. पण ‘घाण’ म्हणजे नेमकं काय? बरीच वर्षं सगळा दोष युरियावर टाकला जायचा. या अवस्थेचं नावच ‘युरेमिया’ पडलं. १९७२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. डायलिसिसच्या द्रावणातच युरिया मिसळून रुग्णांच्या रक्तातला युरिया त्यांनी मुद्दाम चढा ठेवला. बाकीची द्रव्यं मात्र नेहमीप्रमाणे निघून जात होती. युरिया फारच वर नेल्यावर मळमळ, डोकेदुखी, मरगळ आली, पण त्याआधी रुग्ण बरेच ठीक राहिले. म्हणजे युरिया हा घाणीचा मोजमाप करायचा काटा आहे, खरा गुन्हेगार बहुतांशी दुसराच आहे. म्हणूनच नुसता आकडा पाहून फसायला होतं. सावकाश वाढत गेलेल्या आजारात क्रिएटिनिन १२ असलेला माणूस स्वतः एस.टी.नं येऊन रांगेत उभा राहतो, आणि अचानक किडनी बंद पडलेला माणूस ६-७ वरच भ्रमिष्ट होतो.

गुन्हेगारांत पहिला नंबर ग्वानिडिनो जातीच्या संयुगांचा. नाव अवघड आहे, काम सोपं. मेंदूत चेतापेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. त्यातली दोन मोठी. ग्लुटामेट हे चेतवणारं आणि गाबा हे आवरणारं. बैलगाडी हाकणाऱ्याला चाबूक आणि कासरा दोन्ही लागतात, तसंच. किडनी बंद पडली की ग्वानिडिनोसक्सिनिक आम्लासारखी द्रव्यं रक्तात, मेंदूभोवतालच्या पाण्यात आणि खुद्द मेंदूतही वाढतात. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दाखवलं, की ही द्रव्यं गाबाच्या कुलपात अडकून बसतात आणि ग्लुटामेटच्या एका दरवाजाला उलट जास्त उघडतात. कासरा सुटला आणि चाबूक चालू राहिला. आमच्या त्या दादांना बसणारे हिसके यातून येतात. पुढे गेलं तर फिट येते. झोप आणि हिसके एकाच वेळी दिसणं ही या आजाराची खूण आहे. माणूस पेंगतोय आणि अंग मात्र उडतंय, असं दिसलं की किडनी, लिव्हर आणि औषधं यांचा विचार करायचा, असं मी शिकाऊ डॉक्टरांना सांगतो.

दुसरी टोळी आतड्यातून येते. आपल्या खाण्यातल्या प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन आतड्यातले जंतू तोडतात, त्यावर लिव्हर प्रक्रिया करतं आणि इंडॉक्सिल सल्फेट तयार होतं. (नीळ या रंगाचं हे रासायनिक भावकीतलं.) निरोगी किडनी ते रोज बाहेर टाकते. किडनी गेली की ते रक्तात साठतं, आणि पंचाईत अशी, की ते रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून बसतं. डायलिसिसच्या गाळणीची छिद्रं लहान. अल्ब्युमिन त्यातून जात नाही आणि त्याच्या पाठीवर बसलेलं हे द्रव्यही फारसं जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पहारा असतो तो अशा द्रव्यांनी ढिला पडतो आणि मेंदूत दाह धुमसत राहतो, असं आता मानलं जातं. डायलिसिस नियमित चालू असूनही ‘पूर्वीसारखं डोकं चालत नाही’ म्हणणारे रुग्ण खोटं बोलत नसतात, त्याचं एक कारण हे.

मग पॅराथायरॉइडचं संप्रेरक वाढतं, रक्त कमी होतं, लोह कमी पडतं. डोपामिन नावाच्या रसायनाला लोह लागतं. ते बिनसलं की रात्री पायात किडे चालल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. बायका सांगतात, ‘रातभर पाय घासतेत, मला बी झोप नाही.’ झोपेची घडीच मोडते. दिवसा डुलकी आणि रात्री जागरण. तोंडाला लोखंडासारखी चव येते, अन्नावरची वासना जाते. यात उदासी कुठली मनाची आणि कुठली रक्तातली, हे वेगळं करणं अनेकदा अशक्य असतं. डायलिसिसवरच्या दर चार-पाच जणांपैकी एकाला उपचार लागावा इतकं नैराश्य असतं. आमच्याकडे ते क्वचितच कुणी विचारतं.

दादांचं पहिलं डायलिसिस आम्ही मुद्दाम दोन तासांचं आणि हळू केलं. मुलगा रागावला होता, ‘पूर्ण करा की, पैसे लागत असतील तर देतो.’ पैशाचा प्रश्न नव्हता. मेंदू इतके दिवस त्या खारट-कडू रक्ताशी जुळवून बसलेला असतो. रक्तातला युरिया एकदम खाली आणला तर मेंदूतला तितक्या वेगानं उतरत नाही, पाणी मेंदूच्या बाजूला ओढलं जातं आणि मेंदू सुजतो. डोकेदुखी, उलटी, कधी फिट. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन डायलिसिस लहान. शिवाय रक्त साफ झालं तरी डोकं साफ व्हायला एक-दोन दिवस मागे राहतात. घरचे तेवढ्यात धीर सोडतात. चौथ्या दिवशी सकाळी मी फेरीला गेलो तर दादा उठून बसले होते आणि बायकोला विचारत होते, ‘शेरडाला पानी कोन पाजायलंय?’ माझ्या लेखी तो कुठल्याही रिपोर्टपेक्षा चांगला निकाल होता.

जयप्रकाश नारायण यांची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. आणीबाणीतल्या कैदेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं आणि पुढची जवळजवळ चार वर्षं ते डायलिसिसवर जगले. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक गाजवली, विरोधी पक्षांना एकत्र आणलं. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना संसदेत त्यांच्या निधनाची चुकीची बातमी खुद्द पंतप्रधानांनी सांगितली. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर, सत्तरी ओलांडलेला माणूस इतकं काम करू शकला. अर्थात त्यांच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर होते. आमच्या दादांना आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडून यावं लागतं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. तीनदा यायला सांगितलं तर दोनदा येतात, आणि सुगीत एकदाच.

डायलिसिसच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण पाण्याचा प्रश्न आपल्या भागात तर रोजचाच. एका चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध द्रावण लागतं, आणि ते रुग्णाच्या रक्ताशी केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतं. १९७० च्या दशकात अमेरिका-युरोपात काही केंद्रांवर डायलिसिसचे रुग्ण बोलताना अडखळू लागले, शब्द अर्धवट राहू लागले, मग हिसके, फिट, बुद्धिभ्रंश, आणि काही महिन्यांत मृत्यू. १९७६ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मेंदूत भरमसाट ॲल्युमिनियम सापडल्याचं प्रसिद्ध केलं. ते आलं कुठून? एक म्हणजे फॉस्फेट कमी करायला दिल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यांतून. आणि दुसरं, नळाच्या पाण्यातून. गढूळ पाणी निवळायला पालिका तुरटी टाकते. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. तुम्ही-आम्ही ते पाणी प्यायलो तर काही होत नाही, आतडं ॲल्युमिनियम फारसं शोषत नाही आणि शोषलेलं किडनी बाहेर टाकते. पण डायलिसिसच्या यंत्रात आतड्याचा पहारा नसतो आणि रुग्णाकडे किडनी नसते. आता सगळीकडे आरओचं पाणी वापरतात आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दुष्काळात टँकरचं पाणी आज या विहिरीचं, उद्या त्या बोअरचं असतं. त्या दिवसांत डायलिसिस केंद्राच्या पाण्याची तपासणी ही कारकुनी बाब नाही. रुग्णाच्या मेंदूची राखण आहे. आणि हो, पित्तावरच्या पातळ औषधांत अनेकदा ॲल्युमिनियम असतं; किडनीच्या रुग्णानं ती बाटली स्वतःच्या मनानं रोज पिऊ नये.

औषधांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. किडनीच्या रुग्णाचं डोकं बिघडलं की प्रत्येक वेळी युरियाच असतो असं नाही. मधुमेहात पायाची आग होते म्हणून दिलेली प्रिगाबालिन किंवा गॅबापेन्टिन, नागिणीवरची असायक्लोव्हिर, कंबर धरली म्हणून दिलेलं बॅक्लोफेन ही औषधं किडनीवाटे बाहेर जातात. वाटच बंद असेल तर नेहमीची गोळी दुप्पट-चौपट होऊन मेंदूत साचते. इन्शुलिनचंही तसंच, किडनी गेली की तेवढाच डोस जास्त वेळ पुरतो, साखर पहाटे उतरते आणि माणूस बरळतो. ती मोजायला एक थेंब रक्त आणि अर्धं मिनिट पुरतं. आणि कमरख, म्हणजे पाच कोनांचं आंबट स्टारफ्रूट, कोकणात-गोव्यात ओळखीचं, आता आपल्या बाजारातही कधीमधी दिसणारं. निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाही. किडनी गेलेल्याला एक-दोन फळांनी न थांबणारी उचकी, गोंधळ, फिट येऊ शकते. मृत्यूही झाले आहेत. त्यातलं विष ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेगळं काढलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन नाव दिलं. तेही ग्लुटामेटच्याच दारावर धडका देतं.

आता माझी चूक सांगतो.

दादा बरे होऊन घरी गेले, डायलिसिसला येऊ लागले. सहा महिन्यांनी त्यांचं एकच पालुपद झालं होतं: दोन डायलिसिसच्या मधे चार-पाच किलो वजन वाढून यायचं. म्हणजे तेवढं पाणी अंगात. दम लागायचा, रक्तदाब दोनशेवर. मी सगळ्यांसमोर रागावलो. ‘काका, किती वेळा सांगायचं? लहान आहात का? लिटरभरच पाणी सांगितलंय ना? ऐकायचं नसेल तर येता कशाला?’ ते खाली मान घालून बसले. केसपेपरवर मी लिहिलं, सूचना पाळत नाहीत. त्यांची बायको बाहेर गाठून म्हणाली, ‘साहेब, त्येंच्या ध्यानातच ऱ्हात नाही. पानी पिलं की नाही हेच आठवत नाही, पुन्ना पितेत. गोळ्या बी दोनदा घेतेत.’

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची नीट परीक्षा घेतली. वार उलटे सांगा म्हटलं, रविवार, शनिवार, आणि गाडी थांबली. शंभराची नोट दिली, अडतीसचं सामान घेतलं, किती परत? आयुष्यभर बाजार केलेला माणूस घामाघूम झाला. बोलणं-चालणं अगदी व्यवस्थित, पाहुण्यारावळ्यांची नावं पाठ, त्यामुळे कुणाला शंका यायची नाही. या आजारात जुन्या आठवणी बऱ्याच काळ टिकतात. आधी जाते ती बेत करण्याची, लक्षात ठेवून वागण्याची, स्वतःला आवरण्याची ताकद. आणि आम्ही रुग्णाकडून नेमकं तेच मागतो. एवढंच पाणी प्या, तेवढंच मीठ, ही गोळी जेवणासोबत, ती रिकाम्या पोटी, केळी नको, नारळपाणी नको, अमुक वारी इतक्या वाजता या. इतका गुंतागुंतीचा हिशेब धडधाकट माणसाला जमत नाही.

अमेरिकेत मिनेसोटामध्ये ५५ वर्षांवरच्या डायलिसिस रुग्णांची अशी तपासणी झाली होती, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. साधारण १३ टक्के लोकांचीच बुद्धी तपासणीत पूर्ण ठीक निघाली. ३७ टक्क्यांना गंभीर कमतरता होती. आणि ज्यांच्या कागदपत्रांत आधीपासून तशी नोंद होती, ते होते जेमतेम ३ टक्के. तिथेही डॉक्टर माझ्यासारखेच ‘सूचना पाळत नाहीत’ लिहीत असणार.

माझं म्हणणं इतकंच आहे, की आमच्या केसपेपरवरचा हा शेरा बंद व्हावा. निदान वार उलटे विचारल्याशिवाय लिहू नये. प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा जोतिराव फुले योजनेतूनही डायलिसिस होतं. यंत्रं आली, खुर्च्या आल्या, हे मोठं काम झालं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या खुर्चीत चार तास बसलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासायला यंत्र लागत नाही, दहा मिनिटं लागतात. घड्याळ काढायला सांगणारी परदेशी चाचणी आमच्या शाळा न पाहिलेल्या आज्यांना लावून उपयोग नाही. बाजारहाटाचा हिशेब, मराठी महिने, देवीच्या यात्रेचे दिवस विचारा. सुरुवातीला एकदा आणि मग सहा महिन्यांनी. सूचना रुग्णाला द्याच, पण घरातल्या एका ठराविक माणसालाही द्या, कागदावर, मोठ्या अक्षरात.

आणखी एक अवघड जागा आहे. संमतीची. युरियानं डोकं भरलेला माणूस ‘मला सुई नको, घरी न्या’ म्हणतो, नातेवाईक सही करून नेतात. तो खरंच त्याचा निर्णय होता का? मला वाटतं, भ्रमाच्या अवस्थेतला नकार हा शेवटचा नकार धरू नये. दोन-तीन डायलिसिस करून डोकं ताळ्यावर आणावं आणि मग पुन्हा विचारावं. त्यानंतरही तो नको म्हणाला, तर त्याचा मान ठेवावा. वय झालेलं, इतर दुखणी पुष्कळ, असा माणूस विचार करून घरी जायचं ठरवतो तेव्हा त्याला हट्टानं यंत्राला जोडणं ही सेवा नव्हे. माझे काही सहकारी याला वेळकाढूपणा म्हणतात. गर्दी पाहता त्यांचंही चूक नाही. पण उलटा सदरा घातलेल्या माणसाची सही मी खरी मानायला तयार नाही.

घरच्यांसाठी एवढंच. मधुमेह, रक्तदाब किंवा जुनी मूतखड्याची तक्रार असलेला माणूस अचानक चिडका झाला, दिवसा झोपू लागला, बोलण्यात ताळमेळ राहिला नाही, हात थरथरू लागले, तर देवऋषी, सलाईन, झोपेची गोळी यातलं काहीही करण्याआधी साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. अंगदुखीच्या पाकिटांसकट, ती तर आणाच.

दादांच्या घरी आता एक जुनी लिटरची बाटली आहे. मावशी सकाळी ती भरून त्यांच्या खाटेशी ठेवतात. चहा झाला की कपभर पाणी त्यातून ओतून काढतात, आमटी झाली की अर्धी वाटी. बाटली संपली की दिवसाचं पाणी संपलं. गोळ्या मावशींच्या कमरेच्या चंचीत. मागच्या खेपेला वजन दोन किलो वाढलेलं होतं. मी केसपेपरवर ते लिहीत होतो तर दादा म्हणाले, ‘साहेब, बाटली फसवती हो, लहान वाटायली.’ मावशी म्हणाल्या, ‘तीच हाय.’